टेप जरा जलद चालते

आबाजींशी माझं आयुष्यात एकच मोठं भांडण झालं, आणि तेही एका गाण्यावरून.

२०१५ ची दिवाळी. मी अमरावतीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. १२ नोव्हेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट लागला आणि आमच्या वर्गातली, ज्यांनी जन्मात तानपुरा जवळून पाहिला नव्हता अशी पोरंही ‘घेई छंद मकरंद’ गुणगुणायला लागली. मीही त्यातलाच. भाऊबीज आटोपून अकोल्याला आजीकडे गेलो तेव्हा मोठ्या उत्साहानं आबाजींना मोबाइलवर ते गाणं ऐकवलं. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि हात वर केला.

“बंद कर. वसंतरावांनी गायलं ते गाणं. बाकी सारं झेरॉक्स होय.”

मी अठरा वर्षांचा होतो आणि मला झेरॉक्स हा शब्द लागला. मी म्हणालो, “तुम्हाला स्वतःला एक ओळ तरी गाता येते का? मग गाणाऱ्याला नावं कशाला ठेवता?”

आबाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अंगणात जाऊन बसले. हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. २०२१ मध्ये ते गेले. तोवर मी त्यांना गाताना कधीही ऐकलं नव्हतं. त्यामुळे माझा प्रश्न उद्धट असला तरी चुकीचा नव्हता, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

आबाजी मूळचे मूर्तिजापूरचे. अकोला आणि अमरावतीच्या मधलं हे गाव बाहेरच्यांना माहीत असलंच तर शकुंतला रेल्वेमुळे. आबाजींच्या लेखी मात्र मूर्तिजापूरची ओळख एकच होती. २ मे १९२० रोजी तिथे वसंतराव देशपांडे जन्मले. वसंतराव लहानपणीच नागपूरला गेले, तिथे शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, १९३५ मध्ये ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात कृष्ण झाले, पुढे लाहोरला जाऊन गाणं शिकून आले आणि मग वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. आबाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. नोकरी सांभाळून गाणारा माणूस हा त्यांचा देव असणं साहजिक होतं.

आता त्या गाण्याबद्दल. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक २४ डिसेंबर १९६७ ला रंगभूमीवर आलं. लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या ‘नाट्यसंपदे’ची. वसंतराव खाँसाहेब आफताब हुसेन झाले. दोन गायक, दोन घराणी, राजगायकाच्या जागेवरून वैर, अशी गोष्ट. यातलं ‘घेई छंद मकरंद’ हे पद दोन चालींत आहे. शब्द तेच. पंडितजींची चाल संथ, सालगवराळी रागातली. खाँसाहेबांची चाल धानी रागातली, चपळ, तानांनी भरलेली. अभिषेकींनी एकच पद दोन स्वभावांच्या माणसांना दिलं आणि तुमचं तुम्ही काय ते करा म्हणून सोडून दिलं.

हे मला चित्रपट पाहिल्यावर कळलं होतं, पण त्याचा अर्थ कळायला पुण्यातली नोकरी आणि रात्रीचे रिलीज यावे लागले. रात्री दोन वाजता बग शोधताना कानात शब्द नकोसे होतात, म्हणून मी यूट्यूबवर जॅझ लावून ठेवायचो. नुसता आवाज म्हणून. एकदा सॅक्सोफोनवर ओळखीची चाल ऐकू आली. शाळेत दाखवलेल्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’मधलं गाणं! ‘माय फेव्हरिट थिंग्ज’. पण ते संपेचना. मूळ गाणं दोनतीन मिनिटांचं. हे जवळपास चौदा मिनिटं चाललं होतं. वाजवणारा जॉन कोल्ट्रेन. ‘साउंड ऑफ म्युझिक’ हे आधी नाटक होतं, १९५९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेलं. कोल्ट्रेननं पुढच्याच वर्षी, १९६० च्या ऑक्टोबरात, त्यातलं हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि नंतर मरेपर्यंत तो ते वाजवत राहिला, दर वेळी वेगळं. तो गेला जुलै १९६७ मध्ये. आपली ‘कट्यार’ आली त्याच वर्षाच्या डिसेंबरात.

जॅझवाले अशा गाण्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात. जे सगळ्यांना येतं आणि ज्यावर प्रत्येकानं आपलं काहीतरी करून दाखवायचं असतं, ते गाणं. यातली पुष्कळशी ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतून आलेली आहेत. ‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे गाणं १९३९ च्या एका नाटकातलं. ते नाटक ५९ प्रयोगांत बंद पडलं. नाटकाचं नाव आज फार कोणी सांगू शकणार नाही, पण ते गाणं वाजवल्याशिवाय जॅझ शिकणाऱ्या कोणाची सुटका नाही.

हे वाचताना मला आपलं नाट्यसंगीत आठवलं. आपल्याकडेही नाटक विसरलं जातं आणि पद मैफलीत गायलं जातं. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत वाढत जाणारी पदं ७८ च्या तबकडीवर बसवायची तर तीन-साडेतीन मिनिटांत उरकावी लागत. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत गवई घाईत वाटतो तो त्यामुळे. तबकडी संपत आलेली असते. पुढे लाँगप्ले आली, कॅसेट आली, आणि वेळ वाढला तसं रेकॉर्डवरचं गाणंही हातपाय पसरून बसलं. पण तबकडी असो वा कॅसेट, त्यावर येतो तो त्या पदाचा एक दिवस. दुसऱ्या दिवशी तोच गवई तेच पद वेगळं गातो.

‘घेई छंद’चंही तसंच झालं. वसंतरावांनी गायलं, अभिषेकींनी स्वतः मैफलीत गायलं. २०१० मध्ये नाटक नव्यानं आलं तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे खाँसाहेब झाले. २०१५ च्या चित्रपटात पंडितजींची भूमिका आणि गाणं दोन्ही शंकर महादेवन यांचं, तर खाँसाहेब झालेल्या सचिन पिळगावकरांना गाता गळा राहुल देशपांडे यांचा. म्हणजे आबाजींनी ज्याला झेरॉक्स म्हटलं त्यात वसंतरावांचा नातूच गात होता! आणि मूळ पद जन्मतःच दोन चालींत असेल तर ‘मूळ’ म्हणायचं कोणत्या एका गाण्याला?

हा मुद्दा इतका बिनतोड होता की तो ऐकायला आबाजी नाहीत याचं मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर वाईट वाटलं ते वाद जिंकायचा राहिला याचं.

गेल्या मे महिन्यात वर्क फ्रॉम होम घेऊन अमरावतीला आलो. बाबा म्हणाले, अकोल्याच्या घरात आबाजींच्या कॅसेटचा डबा आहे, उन्हानं टेपा खराब होण्याआधी काय ते कर. मी गेलो. आपल्याकडचा मे काय असतो ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. पराठ्यांच्या पिठाचा तो रिकामा पत्र्याचा डबा हाताला चटका देत होता. आत चाळीसेक कॅसेटी. बहुतेक बाजारात मिळायच्या त्याच: वसंतराव, अभिषेकी, कुमार गंधर्व, माणिक वर्मा. एक मात्र कोरी घेऊन घरी भरलेली, साठ मिनिटांची. चिठ्ठीवर आबाजींचं मास्तरी अक्षर: ‘अकोला बैठक, १९८६. घेई छंद.’ गायकाचं नाव नाही.

मला वाटलं, वसंतरावांची कुठली तरी खासगी मैफल. मग लक्षात आलं, वसंतराव ३० जुलै १९८३ ला गेले. मग हे कोण?

अमरावतीला परत येऊन जुन्या बाजारातून आणलेल्या डेकवर ती लावली आणि लॅपटॉपला जोडली. आधी खसखस, मग हार्मोनियम, तबला, कोणीतरी खोकतं, आणि एक पुरुषी आवाज धानीतलं ‘घेई छंद’ सुरू करतो. जरा बारीक, जरा ताणलेला आवाज. दुसऱ्यांदा मुखडा आला तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, “वा मास्तर!” मी हेडफोन काढून ठेवले. थोड्या वेळानं परत घातले. एक तान झाली, दुसरी सुरू झाली, वर चढली, आणि खट्ट!

मग एका लहान मुलाचा आवाज. “हॅलो. हॅलो. मी बोलून राह्यलो.”

तो मीच होतो. त्यानंतर सहा मिनिटं मी आहे, बिस्किटाचा पुडा आहे, कुकरच्या शिट्ट्या आहेत आणि आत कुठंतरी आजी चहा झाला म्हणून हाका मारतेय. त्यानंतर ती बाजू रिकामी. कारण मुलानं बटन दाबून टेप तशीच चालू ठेवली असणार.

आबाजींचं गाणं उरलंय एक मिनिट बावन्न सेकंद.

मी इंजिनिअर, त्यामुळे पहिला विचार हाच की खालचं परत मिळवता येईल का. नाही येत. रेकॉर्डिंग करताना कॅसेटची पट्टी आधी इरेज हेडवरून जाते आणि मग रेकॉर्डिंग हेडवर येते. आधी पुसलं जातं, मग नवं लिहिलं जातं. हल्ली गाण्यातून गळा वेगळा आणि तबला वेगळा काढून देणारी सॉफ्टवेअर आहेत. मी तीही लावून पाहिली. पण एकावर एक दोन आवाज असतील तर वेगळे काढता येतात. इथे एकच आवाज होता, माझा.

मग आणखी एक गोष्ट दिसली. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे टॅब असतात, दर बाजूला एक. तो तोडला की त्या बाजूवर परत काही रेकॉर्ड करता येत नाही. या कॅसेटचा त्या बाजूचा टॅब तोडलेला होता. तो आधीपासून तुटलेला असता तर मला रेकॉर्ड करताच आलं नसतं. म्हणजे तो माझ्यानंतर तोडला.

पुढच्या शनिवारी अकोल्याला गेलो. अमरावती-अकोला रस्ता २०२२ मध्ये ७५ किलोमीटर सलग डांबर टाकून गिनीज बुकात गेला आहे. त्या रस्त्यावरून जाताना मी तीच एक मिनिट बावन्न सेकंदं परत परत ऐकत होतो.

आजीला म्हणालो, “आबाजी गायचे?”

“गात नं. शनवारी बैठक रहाय. कधी आपल्या इथं, कधी तबलजीच्या घरी.”

“मग सोडलं कधी?”

“घर बांधलं, तीन पोरायचं शिक्षण होतं. सुटलंच मंग.” ती जरा थांबली. “लोकं म्हणत, मास्तर हुबेहूब वसंतराव गाते. त्यायले ते आवडत नसे.”

“आणि ही टेप?”

“तुनंच त पुसली बाप्पा. चार वर्साचा होता. लाल बटन दाबून बसला होता.”

“रागावले नाहीत?”

“रागावले नं. तुह्यावर नाही, माह्यावर. लेकराच्या हाती टेप काहून लागू देली म्हणून.”

म्हणजे २०१५ च्या त्या दिवशी मी त्यांना विचारलं, एक ओळ तरी गाता येते का, तेव्हा त्यांच्याकडे पुरावा होता. तो माझ्याच हातून पुसला गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांनी चष्मा पुसला.

त्यानंतर दोन रात्री मी एकच काम केलं. आवाज मला बारीक आणि ताणलेला वाटत होता, आणि त्याचं कारण सापडत होतं. ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचा पट्टा सैल असेल तर पट्टी हळू सरकते, आणि मग नीट चालणाऱ्या डेकवर तीच टेप जलद वाजते. सूर वर चढतात. कॅसेटनं सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवं. माझ्या डेकचा वेग मी टेस्ट टेप लावून तपासला होता, तो बरोबर होता. चूक मूळ भरण्यातच असणार. पण किती?

यासाठी एक युक्ती आहे. विजेवर चालणाऱ्या मशीनच्या रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर हळूच शिरलेली असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घरघरही ५० वर आणि तिच्या पटीत १०० वर हवी. मी आलेख काढला. रेष ५२ वर होती, दुसरी १०४ वर. ५२ भागिले ५०, म्हणजे टेप चार टक्के जलद. चार टक्क्यांनी हळू केली आणि फाइल मोबाइलवर घेतली. फक्त पहिला भाग. माझ्या भागाला हात लावला नाही, तो दुसऱ्या मशीनवर भरलेला होता आणि त्याचा वेग ठीक होता.

तिसऱ्या शनिवारी आजीला ऐकवलं. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. ऐकता ऐकता हात थांबला.

“हे तेच होय. पण वरचा आवाज हाये. त्यायचा जाड होता.”

मी लॅपटॉप उघडला आणि वेग थोडा कमी केला.

“अजून.”

अजून केला.

“अजून थोडा… हं. हे.”

पडद्यावर आकडा होता साडेपाच टक्के.

मला वाटलं, पंचेचाळीस वर्षं जुन्या संसारातली आठवण आहे, थोडी इकडेतिकडे असणारच. ५० हर्ट्झ चुकीचे कसे असतील? रात्री गच्चीवर झोपलो तरी डोक्यात तेच. मग हार्मोनियम आठवली. हार्मोनियमच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. टेप जशी होती तशी ऐकली तर षड्ज जवळपास पांढरी दोनवर येत होता. माझ्या चार टक्क्यांनंतर तो काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठंतरी लोंबकळत होता, जिथं कुठल्याच पेटीला पट्टी नसते. आजीच्या साडेपाच टक्क्यांनंतर तो काळी एकला जाऊन टेकत होता.

मग वीज? ५२ ला १.०५५ नं भागा. ४९.३ येतात. आणि तेव्हाच मला, इलेक्ट्रिकलच्या परीक्षेत पाठ केलेलं आणि विसरलेलं आठवलं. ऐंशीच्या दशकात मागणी जास्त आणि वीज कमी असली की आपल्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली घसरायची. संध्याकाळी तर हमखास. ती ५० जवळ टिकायला लागली ती फार पुढे, या शतकात. म्हणजे १९८६ मधल्या त्या शनिवारी अकोल्याची वीज ४९.३ वर चालली असावी. मी जी फूटपट्टी पक्की धरली होती तीच आखूड होती. आजीनं नुसत्या कानानं नवऱ्याचा आवाज जागेवर आणला आणि त्याबरोबर ग्रीडही मोजली.

आता ती टेप बरोबर वेगानं वाजते. आवाज जाड आहे, घरातला आहे. आणि लोकं म्हणत ते खरं आहे. पहिली तान वसंतरावांच्याच वळणाची, दमही तिथेच घेतलेला, शेवटचा झटकाही तोच. हा माणूस वसंतराव ऐकून ऐकून पाठ झालेला होता. झेरॉक्स हा शब्द तो त्या दिवशी माझ्या मोबाइलमधल्या गायकाला म्हणाला की आणखी कोणाला, हे मी आता ठामपणे सांगू शकत नाही. माझा बिनतोड मुद्दाही तसा बिनतोड राहिलेला नाही. गाणं कोणीही परत गाऊ शकतं, दर वेळी वेगळं, हे खरंच आहे. पण आबाजींना ते वेगळं गाता येत होतं का, हे विचारायची जागा एकच होती, ती टेप.

दुसरी तान मी मंद करून, आलेख लावून शंभरदा ऐकली आहे. धानीत पाचच सूर: षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. पाश्चात्त्य संगीतातही हीच पाच सुरांची मायनर पेंटॅटॉनिक, जिच्यावर ब्लूज उभा आहे. तान पंचमावरून वर निघते आणि अगदी शेवटी, खट्ट व्हायच्या आधीच्या दोन सेकंदांत, आबाजी धैवत लावतात. धानीत धैवत नाही. वसंतरावांची जितकी ‘घेई छंद’ मला मिळाली, त्यातल्या एकातही त्या जागी तो नाही.

आजीला विचारलं. ती म्हणाली, “चुकले अशीन.” मग म्हणाली, “नाहीतर मुद्दाम लावला अशीन. पुढचं आयकलं त समजलं असतं.”

पुढं मी हॅलो म्हणतो.